रिकामा दोर

खरं-खोटं करत बसू नका. ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा मावसभाऊ आहे, तन्मय. जव्हारला त्यांचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. आजही तुम्ही तिथे बल्ब घ्यायला गेलात तर तोच तुम्हाला तो लावून दाखवील. फक्त त्याचा हात थरथरताना दिसेल. का, ते आता सांगते.

जागा मोखाड्याच्या पुढे, खोडाळ्यावरून आत. पाड्याचं नाव मुद्दाम घेत नाही, कारण ती माणसं अजून तिथेच राहतात. दिवस गेल्याच्या गेल्या वर्षीचे, तुळशीचं लग्न नुकतंच उरकलेलं.

आणि वेळ...

भुताच्या गोष्टीला अमावास्येची रात्र लागते, असं तुम्ही वाचलं असेल. इथे भर दुपार होती. लख्ख ऊन पडलं होतं.

तन्मयच्या पायाला लहानपणापासून भिंगरी. दुकानात बस म्हटलं की याच्या पोटात दुखायचं. श्रीकृष्णकाका, म्हणजे त्याचे वडील, बोलून बोलून थकले आणि शेवटी गप्प बसले. तन्मयने डोंगर चढण्या-उतरण्याचं रीतसर शिक्षण घेतलं, दोर घेतले, तंबू घेतले आणि शहरातल्या लोकांना आमच्या डोंगरांत फिरवून आणायला लागला.

त्या वर्षी ठाण्याचा एक मोठा ग्रुप यायचा होता. त्यांना जंगलात राहायचं होतं. जिथे हॉटेल नाही, रस्ता नाही, मोबाईलला रेंज नाही, अशी जागा शोधा म्हणाले. मला हसूच आलं. आमच्याकडच्या पाड्यांवर बाया फोन करायला टेकाड चढून जातात, आणि हे लोक रेंज नसावी म्हणून एवढ्या लांबून येणार!

तन्मयने मात्र मनावर घेतलं. माळावर तंबू ठोकायचे, शेकोटी करायची, नागलीची भाकरी खायची आणि सकाळी एका उंच कड्यावरून सगळ्यांना दोराने खाली उतरवायचं, असा त्याचा बेत होता. कडा त्याला सुदेशने सुचवला होता.

आता सुदेश कोण, ते सांगायला हवं.

सुदेश त्या पाड्यावरचा. तन्मयच्याच वयाचा. जमीन नाही. दिवाळी झाली की बायकोला आणि पोरीला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचा, होळीला परतायचा. इकडे त्याला 'जगायला जाणं' म्हणतात. निम्मा पाडा जातो. पण सुदेशची पोरगी जिजा त्या वर्षी पहिलीत गेली होती. भट्टीवर गेलं की शाळा सुटली. तिच्या बरोबरीची कितीतरी पोरं अशीच सुटली होती.

म्हणून सुदेशने ठरवलं होतं, यंदा भट्टी नाही. तन्मयच्या सहलींवर काम करायचं. दोरावर तो इतका सफाईने उतरायचा की तन्मय त्याला नुसता मदतनीस मानतच नव्हता, जोडीदार म्हणायचा. हा नवा कडा जमला तर सगळा हिवाळा काम मिळणार होतं.

म्हणजे घाई दोघांनाही होती. सुदेशला जरा जास्तच.

कड्याची पाहणी करायला निघायच्या आधी तन्मय सुदेशच्या घरी कोरा चहा प्यायला बसला होता. सुदेशची आई कमळा दारात बसून तांदूळ पाखडत होती. हातातलं सूप तसंच धरून तिने विचारलं,

"कंच्या कड्यावर?"

"मोहळाच्या," सुदेश म्हणाला.

"दोर कोन धरनार?"

"तन्मयदादा."

"तो काय तुजा मेव्हना हाय?"

तन्मयला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. तो हसला. मग सुदेशनेच सांगितलं. त्या कड्याला पूर्वी मधाची मोठाली पोळी असायची. सुदेशचा बाप, आजा, सगळे दोराने उतरून मध काढायचे. वर दोर धरायला मात्र बायकोचा भाऊच लागायचा. दुसरा कुणी चालायचा नाही. अगदी सख्खा भाऊसुद्धा नाही.

"भावाभावात हेवा आसतो," कमळा म्हणाली. "भाऊ सोडंल. मेव्हना नाय सोडनार. सोडला तर त्याच्याच बहिनीचा कुंकू जातो."

पटण्यासारखंच होतं. तन्मयने मान डोलावली.

"आन आयक पोरा," ती तन्मयकडे बोट करून म्हणाली, "दोरानं गेला तो दोरानंच वर आला पायजे. वाटेनं नाय. रिकामा दोर वर वढायचा नाय."

"का गं आजी?"

"खाली कोन कोन हाय, आपल्याला काय म्हायती? रिकामा दोर दिसला का धरतात."

सुदेश मोठ्याने हसला. "आये, तो येलाचा दोर व्हता. ह्यो नायलॉनचा हाय!"

तन्मयही हसला. पण सुदेशची बायको सुषमा हसली नाही. ती चुलीपुढून म्हणाली, "माजा भाऊ सोन्या भट्टीवर गेलाय. होळीला येल. तवर थांबा ना."

"होळीपर्यंत सगळं आटपंल. मंग जिजाला काय भट्टीवर नेऊ?" सुदेश म्हणाला.

सुषमाने कपबशा उचलल्या.

दोघं निघाले.

मोहळाचा कडा बघितलाय मी, लांबून. वर सपाट कातळ आहे, काठापासून जरा आत ऐनाचं एक जुनं झाड उभं आहे, आणि पुढे एकदम तुटलेला डोंगर. कडा मधेच आत गेलाय. त्यामुळे वरून कितीही वाकलं तरी पायथा दिसत नाही. खाली ओढा आहे, त्याचा आवाज तेवढा वर येतो.

पोळी आता नव्हती. एक माशीसुद्धा नव्हती.

कामाची पद्धत समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. दोर दोन असतात. एक झाडाला पक्का बांधलेला, त्यावरून माणूस उतरतो. दुसरा त्याच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेला असतो आणि वर जोडीदाराच्या कमरेच्या कडीतून जातो. पहिल्याला काही झालंच तर दुसरा वाचवतो. जोडीदार स्वतः एका पट्ट्याने झाडाला जखडून घेतो, म्हणजे तो ओढला जात नाही. खालचा माणूस जमिनीवर पोचला की दोर सोडतो आणि ओरडतो, "रोप फ्री!" मग वरचा माणूस दोर ओढून घेतो. खालचा आपला वाटेने चालत वर येतो.

जगभर असंच करतात.

सुदेश उतरला. हेल्मेटवर टिचकी मारून, तन्मयकडे बघून हसत काठावरून दिसेनासा झाला. दोर सरसर जात राहिला. थोड्या वेळाने थांबला.

"रोप फ्री!"

आवाज स्पष्ट आला. तन्मयच्या हातातला दोर ढिला पडला. त्याने सवयीने तो कडीतूनच ओढायला सुरुवात केली. दोर हलका होता. भराभर वर येत होता.

निम्मा आला...

आणि थांबला.

कपारीत अडकला असेल, म्हणून तन्मयने एक झटका दिला. दोर सुटला नाही. उलट...

कुणीतरी खालून झटका दिला.

तन्मय एकदम पुढे खेचला गेला. मागचा पट्टा ताणला. पुढून दोर, मागून पट्टा, मधे हा. दावं दोन्हीकडून ओढलेल्या बैलासारखी त्याची गत झाली. कडीतून दोर निसटू नये म्हणून त्याने उजवी मूठ आवळून धरली. ती सोडली असती तर दोराला जे काही होतं ते सरळ खाली गेलं असतं.

अख्ख्या माणसाचा भार होता तो.

ओढ्याचा आवाज थांबला होता. कधी थांबला, त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

"सुदेश?"

काहीच नाही...

"सुदेश!"

"हां, दादा."

आवाज खालून आला. अगदी जवळून. काठाच्या खाली पुरुषभर अंतर असेल-नसेल.

"अरे, परत दोर का बांधलास?"

"वाट नाय गावली, दादा. सगली कारवी माजलीय. दोरानंच येतो. धर तू."

तन्मयचा जीव भांड्यात पडला. एवढंच ना! तो मनातल्या मनात स्वतःला हसला. पाय रोवून त्याने दोर ओढायला घेतला. वीतभर आला. पुन्हा वीतभर.

"लवकर, दादा. हात भरून आलं."

"ओढतोय रे. पाय टेकव कुठेतरी."

"पायाला कायच लागत नाय, दादा."

तेवढ्यात मागे पाचोळा वाजला.

कुणीतरी चालत येत होतं. सावकाश, रोजच्या वाटेने आल्यासारखं. झाडाच्या पलीकडे पावलं थांबली. काडी ओढल्याचा आवाज आला. विडीचा वास आला.

"दादा... कोनाशी बोलतोस?"

सुदेशचा आवाज होता.

तन्मय सांगतो, त्या क्षणी त्याला भीती वाटली नाही. डोकंच बंद पडलं. त्याने मान वळवायचा प्रयत्न केला. पट्टा इतका ताणलेला होता की शरीर फिरेना. खांद्यावरून डोळ्याच्या कोपऱ्यात दिसलं ते एवढंच... निळ्या शर्टाची बाही. विडी धरलेला हात. अर्धा चेहरा. हनुवटीवर कोयत्याची जुनी खूण.

सुदेशच होता. शंभर टक्के.

"तू... वर कसा आलास?"

"वाटेनं. दुसरं कसं येनार?"

"इतक्यात?"

"पळत आलो."

पण त्याला धाप लागलेली नव्हती.

"दादा," खालून आवाज आला, "वर कोन हाय? कोन बोलतोय?"

मागच्याच्या हातातली विडी खाली पडली. मग तो हळूच म्हणाला, "सोड."

"काय?"

"दोर सोड, दादा. आये बोलली व्हती ना. रिकामा दोर वढलास तू. सोड त्याला."

"दादा, नको!" खालचा ओरडला. "मी हाय! धर! आर धर ना!"

दोन्ही आवाज एकच. तेच हेल, तीच घोगरी धार. तुम्ही म्हणाल, घाबरलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. मीही तसंच म्हटलं होतं. त्यावर तन्मय माझ्याकडे नुसता बघत राहिला.

त्याच्या मुठीतून घाम गळत होता. बोटं बधिर व्हायला लागली होती. कुणाला तरी विचारावं म्हटलं तर तिथे माणूस नाही. खिशात फोन होता, पण हात मोकळा नव्हता, आणि रेंज तर नव्हतीच. हीच तर जागा शोधत आला होता तो.

मग त्याला एक युक्ती सुचली. बुडत्याला काडीचा आधार.

"सुदेश," तो ओरडला, "तुझ्या पोरीला घरात काय म्हणता?"

"धाकली."

"धाकली."

एक खालून. एक मागून. एकाच वेळी. दोघांचाही आवाज तो शब्द उच्चारताना मऊ झाला.

जिजाच्या आधीची एक मुलगी होती, ती गेली. म्हणून एकुलती असूनही जिजाला घरात धाकली म्हणतात. ही गोष्ट बाहेर कुणाला ठाऊक नाही. तन्मयलाही त्याच सकाळी कळली होती.

तन्मयला रडू फुटलं. मोठा दाढीवाला माणूस, पण लहान मुलासारखा रडायला लागला.

"हे बघ," तो मागे बघत म्हणाला, "तू पुढे ये. काठावरून वाकून खाली बघ आणि मला सांग खाली कोण आहे. एवढं कर."

मागचा हलला नाही.

"मी नाय बघनार."

"का?"

"मी बघितला आन... खाली मीच दिसलो, तर मी काय करू?"

दोर तेवढा कातळाच्या धारेवर करकरत होता. वारा नव्हता, तरी डावी-उजवीकडे हलत होता.

तन्मयची मूठ सुटत चालली होती. त्याला कळत होतं. धरून ठेवलं तर कुणाला वर घेतोय ते माहीत नाही. सोडलं तर कुणाला मारतोय ते माहीत नाही. आणि कुणालाच काही न करता नुसतं उभं राहावं, तर तेवढी ताकदही उरली नव्हती.

मागून पावलं पुढे आली. त्याच्या खांद्याला खांदा लागला. उबदार होता. माणसाच्या अंगाचा, विडीचा, घामाचा वास होता. त्याच्या हातात आता कमरेचा कोयता होता.

तन्मय "नको" म्हणाला नाही. "काप" असंही म्हणाला नाही. हे तो पुन्हा पुन्हा सांगतो, जणू मी त्याला विचारलंय.

आणि खालून आवाज आला. आता ओरडत नव्हता. थकून गेला होता.

"दादा... जिजाला भट्टीवर नको नेऊ म्हनावं."

खच्च...

तन्मय मागे झाडावर आदळला.

तो कान देऊन पडून राहिला. पडल्याचा आवाज यायला हवा होता.

आला नाही.

मग ओढा पुन्हा वाजायला लागला.

"चल," सुदेश म्हणाला. त्याने तन्मयला हात देऊन उठवलं. हात घट्ट होता, खरबरीत होता, नेहमीसारखा होता.

तन्मयने खाली जायचा हट्ट धरला. ऊन कलेपर्यंत दोघं वाटेने कड्याच्या पायथ्याशी पोचले. कारवी माजली होती, पण वाट होती. पायथ्याला माणूस नव्हता. रक्त नव्हतं. गवतसुद्धा दबलेलं नव्हतं. ओढ्याच्या काठी सुदेशचं हेल्मेट आणि कमरेचा पट्टा पडला होता. पट्ट्याला कापलेला दोर नीट गाठ मारून बांधलेला. पट्ट्याचं बक्कल लावलेलं होतं.

"मीच बांधला व्हता," सुदेश म्हणाला. "वर यताना वझं कशाला, म्हटला. तू दोरासंगं वढून घेशील. कपारीत आडकला आसंल, म्हनून जड लागला."

"आणि आवाज?"

"कडा हाय, दादा. आवाज घुमतो."

तन्मयला ते पटलं. म्हणजे, त्याने पटवून घेतलं. दुसरं काय करणार होता?

पाड्यावर पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सिनेमात असतं तसं काहीही झालं नाही. कुत्रं भुंकलं नाही. जिजा पळत येऊन बापाच्या मांडीला बिलगली. सुषमाने पाणी दिलं. फक्त कमळाने दारातूनच विचारलं,

"दोरानं आलास का वाटेनं?"

"वाटेनं, आये."

म्हातारीने आपली गोधडी गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी लेकीकडे वावर गावाला निघून गेली. ती अजून परत आलेली नाही. लेक विचारते, "तिकडं कदी जायचा?" तर म्हणते, "माजा तिकडं कोन हाय?"

ठाण्याचा ग्रुप आला. तन्मयने त्या कड्याचं नाव काढलं नाही, दुसरीकडे तंबू लावले. त्याच्या हाताला कंप सुटला होता, म्हणून दोर सुदेशने धरला. लोक खूश झाले. एकामागून एक माणसं उतरत होती आणि हा दिवसभर दोर धरून उभा. हाताला फोड नाही, तोंडावर घाम नाही. त्याच्या जोरावर सगळा हिवाळा सहली लागल्या. जिजाची शाळा सुटली नाही.

सुदेश तेव्हापासून दोरावरून स्वतः कधी उतरला नाही. कुणी आग्रह केला तर हसायचा.

आणि मग होळी आली.

भट्टीवरची माणसं परतली. सुषमाचा भाऊ सोन्या परतला.

मी त्या दिवशी ट्यूबलाइट घ्यायला दुकानात गेले होते, म्हणून पुढचं मी माझ्या कानांनी ऐकलंय. तन्मयचा फोन वाजला. सुषमाचा होता. तन्मयने स्पीकर लावला, कारण फोन कानाला धरला की हात हलायचा.

ती धापा टाकत होती. टेकाड चढून आली होती.

"दादा, सोन्या मोहळाच्या कड्यावर बसलाय. दोर सोडलाय खाली. मला हितनं दिसतो."

तन्मय उठून उभा राहिला. "कुणी सांगितलं त्याला?"

"मी सांगला. मेव्हना हाय ना तो. त्याचा हक हाय. म्हटला, खाली कोन नसंल तर दोर हलका लागंल. मंग माजा मनातला जाईल."

"मग?"

"दोर जड झालाय, दादा."

दुकानात गिऱ्हाइकं होती. कुणीतरी वायरचा भाव विचारत होतं. मी त्यांना हाताने गप्प केलं.

"तो मागं रेलून बसलाय, पाय रोवून. वढतोय. आन हे..."

"काय?"

"हे घरात जेवत व्हते. एकदम ताटावरनं उठले. हात पन नाय धुतला. कड्याच्या वाटंनं चाललेत. दोन्ही दिसतात मला हितनं. दादा, तू व्हतास ना तिथं? दोगांना आयकलास, तूच सांगलास ना मला?"

तन्मयने गल्ल्याची कड धरली.

"माजा कोनता, सांग ना. मी हितनं वरडली तर सोन्याला आयकू जातो. धर म्हनू का सोड म्हनू? लवकर सांग. हे पोचतील तिथं."

तन्मयने तोंड उघडलं. मी बघत होते त्याच्याकडे. त्याचे ओठ हलले. आवाज फुटला नाही.

"दादा, सांग ना रं..."

ती वाट बघत होती. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. मलाही काही सुचेना. देवाचं नाव घ्यावं तर तेही आठवेना.

मग तिनेच फोन ठेवला.

सोन्या त्याच संध्याकाळी घरी आला. दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. सुदेश त्याच्या बरोबर होता, त्याच्या खांद्यावर हात टाकून. सोन्याला खालून काय ऐकू आलं, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. रंगपंचमीपर्यंतही थांबला नाही, हाताला फडकी बांधून भट्टीवर परत गेला.

पुढे काही दिवसांनी सुषमा मला खोडाळ्याच्या बाजारात भेटली. वांगी निवडत होती. मला राहवलं नाही. मी तिला बाजूला घेतलं आणि विचारलं, "त्या दिवशी काय ओरडलीस गं?"

तिने हातातलं वांगं परत टोपलीत ठेवलं.

"सोड म्हटला, ताई."

"म्हणजे तुला खात्री होती?"

"कसली खात्री?" तिचे डोळे भरले. "खाली आसंल तो माजा आसंल. मला तर वाटतो तोच माजा व्हता. पन जिजा वाटंनं मागनं पळत व्हती. बाबा, बाबा करत. ज्याच्या मागं पळत व्हती त्याला कसा घालवू?"

मी तिचा हात धरला.

तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "ताई, कदी आलात?"

सुदेश होता. कडेवर जिजा. दुसऱ्या हातात टपरीवरून आणलेला चहाचा ग्लास. हनुवटीवर ती खूण. हसला की गालाला पडते ती घडी. सगळं होतं तसंच होतं.

"तुमच्यासाठीच आनला," तो म्हणाला. "घ्या ना, गरम हाय."

सुषमाने डोळे पुसले आणि वांगी पिशवीत भरायला लागली.

मी चहा घेतला. नाही कसं म्हणणार?